घरबसल्या विद्यापीठ आणि विद्यार्थ्याच्या अपेक्षा



व्याख्यानाला आपण येता तेव्हा कितीतरी गोष्टी कोणी न सांगता आपणांस ठाऊक असतात. व्याख्यान ठरल्या वेळी सुरू होणार, तास-सव्वा तासाने संपणार, वक्ता बोलत असताना मध्येच उठून शंका विचारावयाची नाही, अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले की वक्त्याने आवरते घ्यावयाचे. यांतील एकही नियम कोठे छापून लावलेला नसतो. मंडप, खुर्च्या, शेजारी बसलेली माणसे आणि वर्षानुवर्षांचा परिपाठ यांनीच तो शिकवलेला असतो. कॉलेजच्या वर्गाचेही असेच आहे. घंटा होते, प्राध्यापक येतात, हजेरी होते. शेजारचा मुलगा वही काढतो म्हणून आपणही वही काढतो. परीक्षा जवळ आली हे ग्रंथालयातील गर्दीवरून समजते. विद्यार्थ्याने काय करावयाचे आणि त्याला काय मिळावयाचे, यातला अर्धाअधिक करार भिंतींनीच करून ठेवलेला असतो.

आता या भिंती काढून घ्या. बार्शीच्या एखाद्या कापडदुकानात काम करणारा तरुण रात्री नऊला घरी येतो, जेवतो आणि मोबाइलवर विद्यापीठाचा वर्ग उघडतो, अशी कल्पना करा. त्याला प्राध्यापकांचा चेहरा दिसतो, आवाज ऐकू येतो. पण ते व्याख्यान कदाचित दोन वर्षांपूर्वी ध्वनिचित्रित झालेले असते. आपल्याबरोबर किती जण शिकत आहेत, आपल्याला अडले ते इतरांनाही अडले की नाही, शंका लिहून धाडली तर ती कोण वाचणार, उत्तर उद्या येणार की पुढल्या आठवड्यात, स्वाध्यायाला एक दिवस उशीर झाला तर चालतो का, यांपैकी कशाचेच उत्तर त्याला आजूबाजूला पाहून मिळत नाही. भिंतींनी जे मुक्याने केले ते आता कोणीतरी शब्दांनी करावे लागते. ते न केल्यास विद्यार्थी आपल्या मनाने काहीतरी धरून चालतो, आणि ते चुकले की अभ्यासक्रम सोडतो. सोडताना तो विद्यापीठाला बोल लावत नाही. ‘आपल्याला हे झेपणारे नव्हते’ असे स्वतःलाच सांगतो. घरातून पदवीपर्यंत पोचू पाहणारा तो पहिलाच असेल, तर त्याचे ते वाक्य आईवडीलही खरे मानतात. म्हणूनच हा विषय शिक्षणतज्ज्ञांच्या परिषदेपुरता ठेवू नये, असे मला वाटते.

अपेक्षा या शब्दाचे व्यवहारात दोन अर्थ होतात. एक इच्छा आणि दुसरा गृहीत. ‘मला चांगले गुण मिळावेत’ ही इच्छा. ती विचारल्यास कोणीही सांगेल. ‘मी रात्री प्रश्न पाठवला तर सकाळी उत्तर येईल’ हे गृहीत. ते विद्यार्थी बोलून दाखवीत नाही, कारण ते आपल्या मनात आहे हे त्याला स्वतःलाच ठाऊक नसते. ते मोडते तेव्हाच कळते. व्यापारशास्त्रात या गोष्टीचा बराच अभ्यास झालेला आहे. १९८५ साली अमेरिकेत परशुरामन, झायथामल आणि बेरी या तिघा अभ्यासकांनी असे मांडले की, सेवेची गुणवत्ता ग्राहक ठरवतो ती काय मिळाले एवढ्यावरून ठरवत नाही. काय मिळेल असे वाटले होते आणि काय मिळाले, यांतल्या अंतरावरून ठरवतो. बँक, विमा कंपनी यांना हे तंतोतंत लागू पडते. विद्यापीठाला मात्र ते निम्मेच लागू पडते, आणि येथे अनेकांची गल्लत होते. विद्यार्थी शुल्क भरतो तेव्हा तो ग्राहक असतो खरा. पण ज्या मालासाठी शुल्क भरले तो माल त्याला स्वतःलाच घडवावयाचा असतो. तालमीची वर्गणी भरली म्हणून दंड फुगत नाहीत. जोर-बैठका ज्याच्या त्यालाच काढाव्या लागतात. तेव्हा विद्यार्थ्याने विद्यापीठाकडून काय अपेक्षावे याच्या जोडीने, त्याने स्वतःकडून काय अपेक्षावे, हेही त्याला सांगावे लागते. दुसरा भाग अधिक अवघड, कारण तो जाहिरातीत शोभत नाही.

दुरून शिकवणे ही काही संगणकाने आणलेली नवलाई नाही. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा पदवीचे शिक्षण सुरू केले. इंग्लंडातील मुक्त विद्यापीठाला १९६९ साली सनद मिळाली आणि १९७१ च्या जानेवारीत चोवीस-पंचवीस हजार विद्यार्थ्यांनी तेथे अभ्यासास आरंभ केला. आपल्याकडे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ साली आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले. या सर्वांचा कारभार मुख्यतः टपालावर चाले. पुस्तकांचा गठ्ठा टपालाने येई, स्वाध्याय टपालाने जाई, आणि तपासणाऱ्याचा शेरा लिहिलेला कागद काही आठवड्यांनी परत येई. त्या विद्यार्थ्याची तक्रार नसे असे नव्हे. पण उत्तर उद्या येईल अशी त्याची कल्पना नसे. टपालाची गती त्याला लहानपणापासून माहीत होती, म्हणून त्याची अपेक्षा टपालाच्या गतीची होती.

आजच्या विद्यार्थ्याच्या हातात जे यंत्र आहे त्यावर बहिणीचा निरोप अर्ध्या मिनिटात येतो, मागवलेल्या वस्तूची खबर तासातासाला येते. त्याच यंत्रावर त्याने प्राध्यापकांना शंका विचारली आणि तीन दिवस उत्तर आले नाही, तर ते तीन दिवस त्याला टपालाच्या तीन आठवड्यांहून लांब वाटतात. साधन आपल्याबरोबर आपली अपेक्षाही घेऊन येते. प्राध्यापक तेच, त्यांच्या दिवसाचे तासही तेच. विद्यार्थ्याची वाट पाहण्याची ताकद तेवढी साधनाने बदलून टाकली.

या ठिकाणी अमेरिकेतील एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. जॉर्जिया टेक या संस्थेने २०१४ च्या जानेवारीत संगणकशास्त्राची पदव्युत्तर पदवी संपूर्ण ऑनलाइन देण्यास आरंभ केला. तेथे प्राध्यापक अशोक गोयल कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक वर्ग शिकवीत. वर्गात सुमारे ३०० विद्यार्थी. आणि एका सत्रात त्यांच्या चर्चापटलावर पडणारे संदेश सुमारे १०,०००. म्हणजे माणशी तेहतीसच्या आसपास. गोयल आणि त्यांचे सहायक यांना ते पुरे पडेनात. त्यांच्या ध्यानात आले की विद्यार्थी वाढले की प्रश्नांची संख्या वाढते, परंतु वेगवेगळ्या प्रश्नांची संख्या त्या मानाने वाढत नाही. तेच तेच प्रश्न येतात: स्वाध्याय कोणत्या नमुन्यात द्यावयाचा, किती शब्दांचा, उत्तर सुधारून पुन्हा पाठवता येईल का. २०१६ च्या जानेवारीत त्यांनी मागील सत्रांतल्या सुमारे ४०,००० संदेशांवर शिकवून तयार केलेला एक यांत्रिक सहायक चर्चापटलावर बसवला आणि त्याला ‘जिल वॉटसन’ असे बाईचे नाव दिले. उत्तराची खात्री ९७ टक्के असेल तरच त्याने उत्तर द्यावे, असे ठरवले. एप्रिलच्या अखेरीस गुपित फोडले तेव्हा विद्यार्थी थक्क झाले. एवढे दिवस त्यांना ती माणूसच वाटली होती.

वर्तमानपत्रांनी या कथेतले यंत्र उचलून धरले. मला त्यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. ज्या प्रश्नांना यंत्र इतक्या खात्रीने उत्तर देऊ शकले, त्यांतले बहुतेक प्रश्न मुळात विषयाचे नव्हतेच. ते व्यवस्थेचे होते. भिंती असलेल्या वर्गात ते शेजाऱ्याला कोपर मारून सुटतात. म्हणजे विद्यार्थ्यांच्या डोक्यावरील भाराचा एक मोठा हिस्सा ‘काय शिकायचे’ याचा नसून ‘येथे कसे वागायचे’ याचा होता. आणि विद्यार्थ्यांना सत्रभर अंधारात ठेवले, हे प्रयोग म्हणून ठीक. रोजचा रिवाज म्हणून ते मला पसंत नाही. उत्तर देणारा माणूस की यंत्र, हेही विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी कळले पाहिजे. आज असली यंत्रे जागोजाग आहेत, तेव्हा हे अधिकच खरे.

उत्तराच्या वेळेबाबत अनुभवी शिक्षकांचा साधा उपाय असा : ‘तुमच्या प्रश्नाला ४८ तासांत उत्तर देईन, रविवारी देणार नाही’ असे आरंभी लिहून द्यावे आणि ते पाळावे. नवे, उत्साही शिक्षक याच्या उलट करतात. पहिल्या आठवड्यात रात्री अकराला आलेल्या प्रश्नाला सव्वाअकराला उत्तर देतात. विद्यार्थी खूश होतात आणि तोच नियम समजतात. पाचव्या आठवड्यात उत्तरपत्रिका तपासण्याचा ढीग पडतो, शिक्षक चार दिवस गप्प राहतो, आणि जो वर्ग ४८ तासांवर समाधानी राहिला असता तोच आता फसवल्यासारखा वाटून घेतो. शिक्षक आधीपेक्षा वाईट झालेला नसतो. त्याने स्वतःच लावलेली सवय त्याच्या अंगावर आलेली असते.

आता वेळेच्या हिशेबाकडे येऊ, कारण सर्वांत जास्त विद्यार्थी येथे गळतात. ‘आपल्या सवडीने शिका’ हे वाक्य आपण सर्वांनी वाचले आहे. विद्यापीठीय शिक्षणात अभ्यासाचे माप श्रेयांकात मोजतात. २०२३ सालच्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याप्रमाणे एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचे अध्ययन. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचे माप त्याआधीपासून हेच आहे. आता आपल्या आय. आय. टी. आणि बंगळूरची विज्ञान संस्था मिळून जे ऑनलाइन अभ्यासक्रम चालवतात, त्या एनपीटेलचे उदाहरण घ्या. त्यातला बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम साधारणपणे तीन श्रेयांकांचा धरतात आणि त्यात ध्वनिचित्रित व्याख्याने सुमारे ३० तासांची असतात. विद्यार्थी पडद्यावर पाहतो तो ३० तासांचा आकडा. त्याला वाटते, आठवड्याला अडीच तास म्हणजे काय, एक सिनेमा. पण तीन श्रेयांक म्हणजे ९० तास. उरलेले ६० तास वाचण्याचे, गणिते सोडवण्याचे, चुकण्याचे आणि पुन्हा करण्याचे. ते पडद्यावर कोठेच दिसत नाहीत. आठवड्याला साडेसात तास झाले. आमच्या बार्शीच्या तरुणाला दुकान, जाणे-येणे, जेवण आणि झोप वजा जाता रोज सवा तास काढावा लागेल, रविवार सोडून, बारा आठवडे. आणि घरात एकच मोबाइल असेल व तो धाकट्या भावालाही शाळेसाठी लागत असेल, तर हा सवा तास कोणता, हे घरात बसून ठरवावे लागेल. ही बेरीज प्रवेशाच्या आधी त्याच्यासमोर मांडली तर एखादे वेळी तो प्रवेश घेणार नाही; पुढल्या वर्षी, मोबाइलची सोय झाल्यावर घेईल. मांडली नाही तर तो प्रवेश घेईल, चौथ्या आठवड्यात मागे पडेल आणि सातव्या आठवड्यात दिसेनासा होईल. संस्थेच्या नोंदवहीत दुसरा मार्ग बरा दिसतो, कारण त्यात एक नावनोंदणी वाढते.

एनपीटेलचेच आणखी एक सांगतो, ते त्यांच्या बाजूचे आहे. प्रमाणपत्रासाठी स्वाध्यायांना २५ आणि परीक्षेला ७५ गुण. स्वाध्यायांत किमान १० आणि परीक्षेत किमान ३० मिळाले पाहिजेत. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात बारा स्वाध्यायांपैकी उत्तम आठ धरले जातात. आणि परीक्षा घरी बसून नव्हे, केंद्रावर जाऊन द्यावयाची. हे सारे नावनोंदणीच्या पानावरच लिहिलेले असते. बारांतले आठ धरण्याची युक्ती मला विशेष आवडते. घरी आजारपण येते, लग्न निघते, दिवाळीत दुकानाला सुट्टी मिळत नाही. विद्यार्थ्याचे चार आठवडे असे जाणार, हे धरूनच नियम बांधला आहे. विद्यार्थ्याला कोणापुढे गयावया करावी लागत नाही आणि शिक्षकाला कोणाचे खरे, कोणाचे खोटे, हे पाहात बसावे लागत नाही.

नावनोंदणीच्या आकड्यांचा मोह किती फसवा असतो, हे २०१२ साली साऱ्या जगाने पाहिले. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने विजेची मंडले आणि इलेक्ट्रॉनिकी यांवरचा आपला पहिला खुला ऑनलाइन अभ्यासक्रम त्या वर्षी विनाशुल्क दिला. १,५४,७६३ जणांनी नावे घातली. प्रमाणपत्र ७,१५७ जणांना मिळाले. शंभरांत पाचही नाहीत. टीकाकारांनी त्यास अपयश म्हटले, समर्थकांनी सात हजार अभियंते एका दमात शिकवल्याचा विक्रम म्हटले. दोघांनीही एक प्रश्न सोडून दिला : ते दीड लाख लोक आले कशासाठी होते? दार उघडे, शुल्क नाही, म्हणून डोकावून गेलेले पुष्कळ होते. जत्रेत पाळण्याभोवती उभे राहणाऱ्या सर्वांना पाळण्यात बसावयाचे नसते. अशा अभ्यासक्रमात गळती हा शब्दच तितकासा लागू नाही.

पण हेच साधन उचलून, ज्यांना खरोखर उत्तीर्ण व्हावयाचे आहे त्यांच्यापुढे ठेवले म्हणजे काय होते, तेही लगेच पुढच्या वर्षी दिसले. कॅलिफोर्नियातील सॅन होजे राज्य विद्यापीठाने २०१३ च्या आरंभी उडॅसिटी या कंपनीबरोबर गणित व संख्याशास्त्राचे प्राथमिक अभ्यासक्रम श्रेयांकासाठी ऑनलाइन दिले. विद्यार्थ्यांत आधी नापास झालेले होते, शाळकरी मुले होती, आणि काहींपाशी संगणकाची नीट सोय नव्हती. निकाल वर्गातल्यापेक्षा इतके खाली आले की जुलैत प्रयोग थांबवावा लागला. व्याख्याने वाईट नव्हती. ज्याला आधाराची सर्वांत जास्त गरज त्यालाच सर्वांत एकटे बसवले होते, आणि हे सोपे आहे अशी हवा आधी निर्माण केली होती.

आपल्याकडे मार्च २०२० नंतर जे झाले त्याने या हवेत भर घातली. टाळेबंदीत शिक्षकांनी रातोरात वर्ग पडद्यावर आणले. त्या धडपडीला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण काळ्या चौकोनामागून दिलेली हजेरी आणि घरच्या घरी पर्यायांवर खुणा करून दिलेली परीक्षा, म्हणजेच ऑनलाइन शिक्षण, असा एका पिढीचा ग्रह झाला. पुरात होडीतून शाळेत गेलेल्या मुलाने होडीलाच शाळा समजावे, तसेच हे आहे. हा ग्रह घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याला केंद्रावरच्या परीक्षेची तारीख पाहून धक्का बसतो.

आणखी एक अपेक्षा अशी आहे की ती पुरवणेच हिताचे नाही. विद्यार्थ्याला वाटते, चांगले व्याख्यान म्हणजे जे ऐकताना सर्व काही समजते. २०१९ साली हार्वर्ड विद्यापीठात पदार्थविज्ञानाच्या पहिल्या पायरीच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काहींना कसलेल्या वक्त्याचे सफाईदार व्याख्यान दिले; काहींना तोच भाग लहान गटांत स्वतः झगडून सोडवावयास लावला. दुसऱ्या गटाला चाचणीत अधिक गुण मिळाले. पण आपण कमी शिकलो असे त्यांनाच वाटले. झगडताना होणारा त्रास त्यांनी न समजल्याची खूण मानली. सत्राच्या आरंभीच ही गोष्ट उघड करून सांगितली, तर विद्यार्थ्यांचा अशा अभ्यासाकडे पाहण्याचा भाव सुधारतो, असेही त्या अभ्यासकांना आढळले. पडद्यावरील व्याख्यानाला तर हे दुपटीने लागू. ते थांबवता येते, मागे नेता येते, वेग वाढवता येतो. सगळे गुळगुळीत जाते आणि पाहणाऱ्याला वाटते, आले. वही उघडली की कळते, काहीच आले नाही. म्हणून विद्यार्थ्याला आधीच सांगावे की तिसऱ्या आठवड्यात तुम्हांला अडल्यासारखे होईल, ते व्हावयाचेच आहे, आणि त्या वेळी अमुक ठिकाणी विचारा. जो खड्डा पुढे आहे हे ठाऊक असते, त्यात पडणारा पाय मुरगळून घेत नाही.

कोणी म्हणेल, एवढे सगळे आधी सांगून ठेवणे म्हणजे विद्यापीठाने आपली सुटका करून घेणे नव्हे काय? ‘आम्ही सांगितले होते’ असे म्हणायला मोकळे! हा आक्षेप रास्त आहे. चाळीस कलमांची नियमावली देऊन खाली ‘मान्य आहे’ या चौकटीवर खूण करून घेणारी संस्था अपेक्षांचा विचार करीत नाही, कोर्टकचेरीचा करते. ती नियमावली कोणी वाचत नाही. विद्यार्थ्याला हवे असते एका पानाचे पत्र, त्याच्या भाषेत, शिक्षकाच्या नावाने : आठवड्याला किती तास लागतील, उत्तर किती वेळात येईल, कोणते काम चुकले तर चालेल आणि कोणते चालणार नाही, परीक्षा कोठे. आणि शेवटी त्याला एकच प्रश्न : तुम्ही कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी बसणार, ते लिहून कळवा. हा प्रश्न विचारला म्हणजे सवडीचे रूपांतर वेळापत्रकात होते.

पत्रानंतर मात्र माणूस लागतो. पहिला स्वाध्याय ज्याचा आला नाही त्याला तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी फोन करावा. संदेश धाडू नये, फोन करावा, कारण लाजलेला विद्यार्थी संदेशाला उत्तर देत नाही. अशा फोनला पाच मिनिटे लागतात. तीस विद्यार्थ्यांना अडीच तास. एका शिक्षकाच्या एका संध्याकाळचे काम. तीन हजार विद्यार्थ्यांच्या वर्गात निम्म्यांचा स्वाध्याय आला नाही, तर सव्वाशे तास. रोज सहा तास फोनवर बसले तरी तीन आठवडे, आणि तोवर सहावा आठवडा संपत आला. मुक्त विद्यापीठांच्या अभ्यासकेंद्रांवर समंत्रक नेमण्याची पद्धत आहे ती याच गरजेतून. तीस विद्यार्थ्यांमागे एक या हिशेबाने तीन हजारांना शंभर समंत्रक लागतील, त्यांना मानधन द्यावे लागेल, आणि ते शुल्कातून किंवा सरकारी अनुदानातून यावे लागेल. ऑनलाइन अभ्यासक्रम स्वस्त पडतो असे सांगणाऱ्या अंदाजपत्रकात ही रक्कम कोठे धरली आहे, एवढे प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी जरूर विचारावे.